आरसा आधी कुणी सोडला

माझ्या नातीचं लग्न ठरून मोडलं आणि काही महिन्यांनी परत त्याच मुलाशी ठरलं, त्या वर्षी मी वाचायला शिकले. मधल्या काळात पोरगी घरात बसून होती. तिला कुणावर तरी चिडायचं होतं आणि समोर मी होते. "आजी, जन्मभर अंगठा उठवलास, आता तरी शीक," म्हणत तिने माझ्या हातात पेन्सिल दिली आणि त्या मुलाचा सगळा राग माझ्या बाराखडीवर काढला. माझं अक्षर चुकलं की तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. मला वाटायचं, ही माझ्या अक्षरासाठी रडतेय. मी आणखी जोर लावून गिरवायचे.

तोवर मी इस्पितळाच्या धुलाईखात्यात चादरींना इस्त्री करण्यात हयात घालवली होती. चादर वाचावी लागत नाही, त्यामुळे अडलं कधी नव्हतं.

लग्न परत ठरलं तशी नात उडत सासरी गेली आणि मागे फळीभर पुस्तकं सोडून गेली. दुःखाच्या दिवसांत आणलेली. मन शांत कसं ठेवावं, रागाला कसं आवरावं, देवावर भार कसा टाकावा. नवरा मिळाल्यावर तिला त्यांची गरज उरली नाही. खरं तर गरज तेव्हाच सुरू होते, पण ते मी तिला सांगितलं नाही. जवळजवळ प्रत्येक पुस्तकावर सूर्य होता. काहींवर उगवता, काहींवर मावळता. कुठला कुठला, ते आत वाचूनही कळायचं नाही.

मी ती पुस्तकं ओळीखाली बोट ठेवून वाचायला घेतली. एक पान म्हणजे माझी अर्धी दुपार. महिन्याभरात मी घरात शांतपणे वावरू लागले, असं माझं मत होतं. आमच्या ह्यांचं मत वेगळं होतं. हे रंगारी. भिंतीला पोपडा कुठे धरणार ते त्यांना लांबून दिसतं.

"आज काय शिकलीस?"

"राग आला की बोलायचं नाही. लांब श्वास घ्यायचा."

"म्हणजे सकाळपासून तू फुसफुसतेयस ती शांती होय? मला वाटलं कुकर लागलाय."

मी लांब श्वास घेतला.

अशात मला सिस्टर भेटल्या. आमच्या इस्पितळाच्या जुन्या मुख्य सिस्टर. त्यांनी वरच्या मजल्यावर कुणाला झापलं तर खाली धुलाईखात्यात आमची इस्त्री थांबायची. निवृत्त झाल्यावर त्या अध्यात्माकडे वळल्या होत्या, पण आवाज मागे राहिला नव्हता. घड्याळ दुरुस्तीच्या दुकानाच्या वरच्या खोलीत त्या दर शनिवारी दुपारी वाचनसभा घेत. "शांत व्हा!" असं त्या ओरडल्या की आम्ही लगेच शांत व्हायचो.

सभेची रीत अशी. सगळ्यांनी एकच पुस्तक आणायचं. पाळीपाळीने एकेक परिच्छेद मोठ्याने वाचायचा. मग ज्याला वाटेल त्याने उठून सांगायचं, की या वाचनाने आपल्यात काय बदल झाला. नियम दोनच. कुणाचं नाव घ्यायचं नाही, "एक व्यक्ती" म्हणायचं. आणि कुणी काही सांगितलं तर उलट बोलायचं नाही. सगळ्यांनी मिळून फक्त म्हणायचं, "ऐकलं."

त्या खोलीत मी आयुष्यात पहिल्यांदा पुस्तक मांडीवर घेऊन खुर्चीवर बसले. माझा परिच्छेद संपेपर्यंत खालच्या दुकानातली घड्याळं एकदा तरी वाजायची, पण कुणी चुळबुळ करायचं नाही. संपला की घड्याळवाले म्हणायचे, "आजी, या वयात! आम्हाला लाज वाटते." मी मान खाली घालून नम्र व्हायचे. नम्र दिसतंय की नाही, ते हळूच वर बघून तपासायचे.

आणि एका शनिवारी दारात माझी धाकटी जाऊ उभी राहिली.

तिचा माझा अबोला होऊन बारा वर्षं झाली होती. सासूबाई गेल्यावर आम्ही वेगळ्या झालो, तेव्हा त्यांचं आरशाचं कपाट धाकटीच्या वाट्याला गेलं. ते जिन्यावरून उतरवताना पुढून ती होती, मागून मी होते. मधल्या वळणावर कपाट निसटलं आणि आरशाला या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तडा गेला. ती म्हणाली, तुम्ही सोडलंत. मी म्हटलं, तू सोडलंस. त्यानंतर आम्ही एका गल्लीच्या अंतरावर राहून एकमेकींशी नातवंडांमार्फत बोललो, नातवंडं मोठी झाल्यावर तेही बंद झालं. आमचे हे आणि भाऊजी, दोघे भाऊ, रोज कोपऱ्यावर एकत्र चहा प्यायचे. बायकांच्या भांडणात त्यांनी कधी लक्ष घातलं नाही. तेवढी अक्कल दोघांनाही होती.

धाकटी शाळेत गेलेली. तिने पुस्तक हातात घेतलं आणि बोट न ठेवता, न थांबता घडाघडा वाचलं. मधे एकदा तर वर बघून हसलीसुद्धा. पुस्तक वाचताना वर बघता येतं हे मला माहीतच नव्हतं. मग ती उठली.

"माझ्या आयुष्यात एक व्यक्ती आहे. नाव घेत नाही. माझ्याहून वयाने मोठी, नात्यानेही मोठी. त्या व्यक्तीने एकदा जिन्यात एक जड वस्तू सोडली आणि दोष माझ्यावर ढकलला. आज हे वाचताना मला वाटलं, त्या बिचारीला किती दिवस टांगून ठेवायचं? मी त्या व्यक्तीला माफ केलंय."

"ऐकलं," सगळे म्हणाले. घड्याळवाल्यांनी डोळे पुसले. मलाही म्हणावं लागलं. माझं "ऐकलं" दार करकरावं तसं निघालं.

घरी येऊन मी कणीक अशी तिंबली, की हे स्वयंपाकघरात डोकावले. "कुणाची आहे?"

"तिने मला माफ केलं!"

"मग चांगलं झालं की."

"चांगलं? मी काही केलेलंच नाही तर ती मला माफ करणारी कोण?"

"मग तूही कर तिला."

ते थट्टेने म्हणाले होते. मला मात्र त्यात देवाचा हात दिसला.

पुढच्या शनिवारी मी उठले. "माझ्याही आयुष्यात एक व्यक्ती आहे. वयाने लहान, समजुतीने तर फारच..."

"विशेषणं नकोत," सिस्टर म्हणाल्या.

"बरं. नुसती लहान. त्या व्यक्तीच्या तळहाताला घाम येतो. लग्न होऊन आली तेव्हापासून येतो. घामट हाताने जड वस्तू धरली तर ती निसटणारच. त्यात तिचा काय दोष? मी त्या व्यक्तीला घामासकट माफ केलंय."

"ऐकलं," सगळे म्हणाले. धाकटीचं "ऐकलं" सगळ्यांत शेवटी आलं. तिने हात पदराला पुसलेले मी पाहिले.

मग आमची गाडी थांबेना. तिने मला नातीच्या लग्नात खांबामागे खुर्ची दिल्याबद्दल माफ केलं. मी तिला, त्या खांबामागे बसून जेवणाला नावं ठेवल्याबद्दल माफ केलं. तिने माझ्या आवाजाला माफ केलं, मी तिच्या गप्प बसण्याला. सभेला माणसं वाढली. घड्याळवाले जिन्यातच गाठून विचारायचे, "आजी, आज कुणाची पाळी? खुर्च्या किती मांडू?" सिस्टरना वाटलं, त्यांच्या वाचनसभेवर देवाची कृपा झाली.

माझं वाचनही सुधारलं. आधी मी पुस्तकात माझी खोट शोधायचे. ती सापडायला वेळ लागायचा. आता पानोपानी धाकटी सापडू लागली. अहंकार, मत्सर, दिखाऊपणा. लेखकाची न् तिची इतकी जवळची ओळख कशी, याचं नवल वाटून मी पेन्सिलीने ओळींवर ओळी अधोरेखित करायचे. रागावरचं ते पुस्तक मी चिडून दोनदा वाचलं.

शेवटी मी एक मोठी माफी तयार केली. आरशाची, पहिल्यापासून शेवटपर्यंत, जिन्याच्या वळणासकट. कपडे इस्त्री करताना ती तोंडाने घोटली. शनिवारी ठेवणीतली साडी नेसले.

"कुठे, लढाईला?" ह्यांनी विचारलं.

"वाचनाला."

खोली भरली होती. धाकटीची खुर्ची तेवढी रिकामी होती. माझी पाळी आली. मी उठले, घोटलेलं सगळं जिभेवर होतं, आणि समोर ती खुर्ची. "आज माझं काही नाही," म्हणून मी बसले. "ऐकलं," सगळे म्हणाले. घड्याळवाल्यांचा चेहरा पडला.

त्याच्या पुढच्या शनिवारीही ती आली नाही. घरी येऊन मी म्हटलं, "घाबरली. आता यायची नाही."

हे चपला काढत होते. खाली बघूनच म्हणाले, "तिला बरं नाही. पोटात गाठ आहे. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलंय."

"तुम्हाला कधी कळलं?"

"पंधरा दिवस झाले. चहाला भेटतो ना तो."

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही?"

"तू वाचत होतीस. वाचताना मधे बोललेलं तुला चालत नाही."

इस्पितळातून घरी पाठवतात म्हणजे काय, ते मला वाचून शिकावं लागलं नव्हतं. मला तेव्हा एकच भीती वाटली. मी गेले आणि तिने तोंड फिरवलं, तर? किंवा ती बोलायच्या पलीकडे गेली असली, तर? मग हा आरसा मला एकटीला उचलावा लागणार होता. मी फळीवरून एक सूर्य उचलला, उगवता की मावळता न बघता, आणि गल्ली ओलांडली.

भाऊजींनी दार उघडलं. धाकटी खाटेवर होती, अर्धी झालेली. समोर ते कपाट. तड्यावर चिकटपट्टी लावली होती, ती पिवळी पडली होती.

"या जाऊबाई," ती म्हणाली. "माफ करायला आलात की मागायला?"

"वाचून दाखवायला."

"तुम्ही? मला? मग मला पान संपेपर्यंत टिकायला हवं."

मला हसू आलं. मी ते पुस्तकाआड लपवलं आणि बोट ठेवून सुरुवात केली. ती डोळे मिटून ऐकत होती आणि चुका काढत होती. "शांतीपाशी किती वेळ उभ्या राहिलात! चला पुढे, मला घाई आहे."

वाचता वाचता माझं लक्ष तिच्या पाठीखालच्या चादरीकडे गेलं. चुरगळून वळ्या झालेली. तशा चादरीवर माणसाची पाठ सोलून निघते. मी पुस्तक बाजूला ठेवलं. "भाऊजी, धुतलेली चादर आणा, आणि ते टोक धरा." रोग्याला न उठवता चादर बदलायला दोघं लागतात. मी तिला कुशीवर घेतलं, नवी चादर सरकवली, ताणली, आणि भाऊजींच्या हातून टोक निसटलं.

"सोडू नका हो!" मी ओरडले.

मी आरशाकडे बघितलं, तिनेही बघितलं. मग धाकटी पोट धरून हसायला लागली. दुखत होतं तरी हसत होती.

"बघा, यांनी सोडली. आरसाही यांनीच सोडला असणार."

"ते कुठे होते तिथे?"

"म्हणून तर. जो नव्हता त्याच्यावर घालू आणि मोकळ्या होऊ."

"मी काय केलं?" भाऊजी म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा," आम्ही दोघी एकदम म्हणालो. बारा वर्षांत आमचं एकमत झालं ते तेवढंच.

त्यानंतर मी रोज जात राहिले. आधी चादर, मग अंग पुसणं, मग पुस्तक. पुस्तकाचा नंबर पुष्कळदा लागायचाच नाही. एकदा तिने विचारलं, "जाऊबाई, देव आहे का हो? तुम्ही एवढं वाचलंत."

"आहे म्हणतात. मी अजून त्या पानापर्यंत पोचले नाही."

"पोचलात की सांगा."

"तू आधी पोचशील, धाकटे. तुझं वाचन माझ्यापेक्षा भरभर आहे."

बोलून गेले आणि जीभ चावली. पण ती गालात हसली. "ते आहेच," म्हणाली.

एका शनिवारी मी तिच्याकडेच बसले होते. तिचा आवाज फार बारीक झाला होता.

"आज सभा ना? मग इथे घ्या. माझं एक आहे सांगायचं." तिने ओठ ओले केले. "माझ्या आयुष्यात एक व्यक्ती आहे. नाव घेत नाही. त्या व्यक्तीला मी आता माफबिफ काही करत नाही. पण आरसा तिनेच सोडला."

माझ्याकडे उत्तर होतं. वळणासकट, घामासकट, शब्दन्शब्द पाठ. माझी मूठ वळली, आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की जिन्यातल्या त्या क्षणाचं मला आता काही म्हणजे काही आठवत नाही. फक्त उत्तर आठवतंय.

"ऐकलं," मी म्हटलं.

तिने एक डोळा उघडला. "एवढंच?"

"नियम आहे."

"आता तुमचं."

"माझ्याही आयुष्यात एक व्यक्ती आहे," मी म्हटलं. "तिची खुर्ची रिकामी असली, की मला बोलायला काही सुचत नाही."

धाकटीने डोळा मिटला. हात चादरीवरून सरकवत माझ्या हातावर ठेवला. तळवा घामाने ओला होता.

"ऐकलं," ती म्हणाली.

माझी धाकटी जाऊ, माझ्या पणतीला पहिला दात आला त्या वर्षी, फेब्रुवारीतल्या तिसऱ्या बुधवारी सकाळी वारली.