दाराकडचा पाव हिस्सा

विनी काकूंनी तीन नवरे पुरले, पण जन्मभर झुरल्या त्या एका बाकासाठी. तिसरा नवरा म्हणजे माझे लेस्टर काका, म्हणून ते बाक मिळवून देण्याचं काम माझ्या गळ्यात आलं.

आमच्या नेटलफील्डच्या चर्चमध्ये डाव्या रांगेतलं पुढून दुसरं बाक ते. चारी बाजूंनी छातीइतक्या उंच फळ्या आणि मधल्या वाटेकडे एक बुटकं दार. एरवी तिथं कुणीही बसावं. पण जूनमध्ये संस्थापकांचा रविवार येतो, तेव्हा गावातल्या पहिल्या अकरा घराण्यांच्या बाकांना निळ्या फिती लागतात आणि ज्याचा वंश सिद्ध झाला आहे तोच आत बसतो. या बाकावर पाटी आहे वाडलींची. इलिफलेट वाडली हा अकरातला एक. सतराशे अठरा साली वारला. मध्ये एकदा चर्च जळलं, नवं बांधलं, पण कोण कुठं बसणार हे काही जळलं नाही.

काकूंची आई नऊ वर्षांची असताना अशाच एका रविवारी त्या बाकात जाऊन बसली होती. आपण इलिफलेटच्या मुलीचे, मेहिटाबेलचे वंशज, असं तिच्या आजीनं तिला सांगितलेलं. मग वाडलीबाई आल्या. ओरडल्या नाहीत, रागावल्या नाहीत. त्यांनी नुसतं ते बुटकं दार उघडलं आणि पोरगी बाहेर पडेपर्यंत उघडं धरून उभ्या राहिल्या. सगळं गाव बघत होतं. काकूंची आई पुढं सत्तर वर्षं जगली, पण संस्थापकांच्या रविवारी तिनं पुन्हा कधी चर्चमध्ये पाऊल टाकलं नाही. घरी बसून ती केक करायची, आणि तो हमखास करपायचा.

काकू आता शहाऐंशीच्या. खुब्याचं ऑपरेशन झालेलं, हातात काठी. त्यांचं म्हणणं साधं होतं: मरायच्या आधी एकदा त्या बाकात बसायचं, आणि तेही कुणाच्या मेहेरबानीनं नाही.

अडचण स्मशानात होती. चर्चच्या मागे एक छोटा दगड आहे: मेहिटाबेल, इलिफलेट वाडलीची मुलगी, मृत्यू सोळाशे नव्याण्णव, वय वर्षं तीन. आद्य घराणी मंडळानं काकूंचा अर्ज दोनदा परत केला तो या दगडावर बोट ठेवून. तीन वर्षांची गेलेली मुलगी पुढं काकूंच्या मूळपुरुषाशी, जेबेझ क्रेनशी लग्न करून सात मुलं कशी जन्माला घालणार?

मंडळाची चिटणीस प्रुडन्स वाडली. दार धरून उभ्या राहिलेल्या बाईंची नात. मला ती वाईट वाटली असती तर बरं झालं असतं, पण बाई होती सरळ. मी भेटायला गेले तेव्हा तिनं चहा दिला आणि स्वतःहूनच बोलली. त्या काळी एक मूल गेलं की पुढच्या मुलाला तेच नाव द्यायची रीत होती, हे तिलाही माहीत होतं. तिच्या स्वतःच्या वंशात लागोपाठ तीन इबेनेझर होते, तिसरा जगला.

"दुसरी मेहिटाबेल असूही शकेल," ती म्हणाली. "पण असू शकेल म्हणून कुणाला बाकात बसवता येत नाही, नोरीन. कागद आण."

कागद कुठून आणायचा? पहिली मेहिटाबेल गेल्यानंतरच्या सात वर्षांची जन्मनोंद उंदरांनी खाल्लेली. तेव्हाचा गावचा कारकून वही घरी, पिठाच्या डब्याशेजारी ठेवायचा.

मी शाळेची बस चालवते. सकाळची फेरी नऊला संपते, दुपारची दोनला सुरू होते. मधल्या वेळात मी जिल्ह्याच्या गावी जाऊन प्रोबेट कोर्टाचे, म्हणजे मृत्युपत्रं आणि वारसाहक्क बघणाऱ्या कोर्टाचे, जुने कागद वाचत बसायचे. जुनं अक्षर वाचायला मला कुणी शिकवलं नाही. 'आज मला टायलरच्या घरी सोडा, सही आई' अशा चिठ्ठ्या वीस वर्षं वाचल्या की कुठलंही अक्षर वाचता येतं, आणि कोण खोटं बोलतंय तेही कळतं.

इलिफलेटनं मृत्युपत्र केलं नव्हतं. दोन शेजाऱ्यांनी घरात फिरून केलेली सामानाची यादी तेवढी होती: दोन लोखंडी भांडी, एक माग, एक आंधळी घोडी, आणि 'रानात गेलेलं एक डुक्कर, सापडल्यास'. बायको टॅमसिन हिला रिवाजाप्रमाणे जमिनीचा तिसरा हिस्सा, तिच्या हयातीपुरता. मुलांची नावं असलेलं पान फाटलेलं. थोरल्या नेथनचं नाव शिल्लक होतं. प्रुडन्स त्याच्या वंशातली. त्याखाली नुसता कागदाचा काठ.

सहा वर्षं मी वाडली या नावाखालचा प्रत्येक कागद चाळला. डुकराचंही पुढं काय झालं ते मला कळलं. मेहिटाबेलचं कळलं नाही.

यंदा मार्चमधल्या एका शनिवारी दुपारी काकूंकडे बीन्स आणि ब्राउन ब्रेड खायला गेले. आता मी हरले, असं सांगायलाच गेले होते. काकूंनी ते ऐकलंच नाही असं दाखवलं आणि यादी पुन्हा वाच म्हणाल्या. मी वाचली. मागापाशी त्यांनी चमचा खाली ठेवला.

"माग टॅमसिनचा?"

"दुसरं कोण विणणार, काकू?"

"घरात माग, वर तिसरा हिस्सा जमीन. आणि पन्नाशी उलटलेली नाही." त्यांनी माझ्याकडे बघितलं, शाळेत ढ मुलीकडे बघतात तसं. "अशा बाईला गाव किती दिवस विधवा ठेवणार?"

मी यादी पुन्हा बघितली.

"हे बघ नोरीन. स्मशानात तीन दगडांवर माझं नाव कोरलेलं आहे. प्रत्येक नवऱ्याच्या शेजारी एकेक, तारीख मोकळी सोडून. तिन्हीकडे आडनाव वेगळं, आणि मी इथं बीन्स खातेय. उद्या मला कुणी शोधायला निघालं तर कुठल्या आडनावाखाली शोधणार? तू कुठं शोधत होतीस तिला?"

सहा वर्षं मी वाडलींच्या घरात शोधत होते, आणि बाई कधीच दुसऱ्या घरी नांदायला गेली होती. बसमधलं पोर घर बदलून दुसरीकडे गेलं तरी मी जुन्याच थांब्यावर हॉर्न वाजवत होते म्हणायचं.

सोमवारी चर्चची लग्नांची वही काढली. इलिफलेट गेल्यावर सातव्या महिन्यात टॅमसिननं डीकन ओबडाया स्ट्राउडशी लग्न केलेलं. मग जिल्ह्याच्या गावी जाऊन स्ट्राउड नावाची पुडकी मागवली. चौथ्या पुडक्यात ती होती. सतराशे तेहतीस साली टॅमसिन वारली, आणि तिच्याकडे हयातीपुरता असलेला तिसरा हिस्सा पहिल्या नवऱ्याच्या मुलांमध्ये वाटला गेला. कोर्टानं नेमलेल्या तीन माणसांनी सगळं मोजून लिहिलं होतं. मृत इलिफलेट वाडली याची मुलं तीन. थोरल्या नेथनला रिवाजाप्रमाणे दुप्पट. हेप्झिबाला एक वाटा. आणि मग:

'त्याची धाकटी मुलगी मेहिटाबेल, जेबेझ क्रेनची बायको, हिला पाणथळीकडचा तुकडा, लहान तवा, आणि सभागृहातल्या बाकाचा पाव हिस्सा, दाराकडचा. नेथनचा अर्धा हिस्सा भिंतीकडचा. त्याला जायला-यायला वाट असावी, आणि बहिणींनी त्याला अडवू नये.'

तेव्हा चर्चलाच सभागृह म्हणत, आणि बाकही जमिनीसारखं वारसांत वाटलं जाई. मी हसले. जरा मोठ्यानंच, कारण खोलीतल्या माणसानं चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. कुणीतरी अडवल्याशिवाय 'अडवू नये' असं कोण लिहून ठेवतं?

परतताना स्मशानापाशी गाडी थांबवली. दर रविवारी ही दुसरी मेहिटाबेल या दगडावरून चर्चमध्ये जात असणार, स्वतःचं नाव वाचत. आई तिला जेवायला हाक मारायची तेव्हा कुठली मेहिटाबेल आईच्या मनात यायची कोण जाणे. थंडीनं हात गारठले, आणि दोनची फेरी चुकायला आली होती, म्हणून निघाले.

प्रुडन्सनं त्या कागदाची नक्कल भिंगातून तीनदा वाचली. कोर्टाचा शिक्काही उजेडात धरून बघितला. पहिल्या वाचनाला चेहरा चिटणिसाचा होता. तिसऱ्या वाचनाला तिनं भिंग खाली ठेवलं.

"म्हणजे आमचं अर्धंच?"

मी म्हटलं, अर्धंच. पण भिंतीकडचं.

अर्ज आठवड्यात मंजूर झाला. प्रुडन्सनं स्वतः निळी फीत काकूंच्या घरी आणून दिली, आणि जाताना म्हणाली की खुब्याचा त्रास आहे तर तुम्ही आत भिंतीकडे टेकून बसा, तिथं उशीही असते, मी बसेन दाराकडे. काकू गोड हसून बरं म्हणाल्या. त्यांचं ते हसू मला माहीत होतं. मी काळजीत पडले.

जूनच्या त्या रविवारी काकूंनी मला पाऊण तास आधी उठवून नेलं. निळा ड्रेस, आईचे मोती, काठी. बाकाचं दार त्यांनी स्वतः उघडलं, आत गेल्या आणि दाराकडे बसल्या. पुरता पाव हिस्सा, एक इंच जास्त नाही. मी मागच्या बाकात. मी वाडली नाही, लेस्टर काकांकडून आलेली फुकटची.

प्रुडन्स आली तेव्हा चर्च भरलं होतं. आपल्या बाकापाशी येऊन ती थांबली. आत जायची वाट काकूंच्या गुडघ्यांवरून होती.

"विनिफ्रेड, तुम्ही आत सरकणार होतात ना?"

"कागदात दाराकडचं लिहिलंय. मी दुसऱ्याच्या हिश्शात बसत नाही."

सगळ्यांचं लक्ष तिकडे. ऑर्गन वाजवणारी बाईसुद्धा आरशातून बघत होती. काकूंनी काठीवर भार दिला आणि सावकाश, खूप सावकाश, उभ्या राहिल्या. "पण तुला वाट द्यायचीही लिहिलंय. ये. अडवणार नाही मी."

प्रुडन्सनं दार उघडलं. ते हातात धरून ती क्षणभर तशीच उभी राहिली. तिलाही तेच आठवलं असावं, कारण तिनं झटकन हात काढला आणि स्कर्ट सावरत, काकूंच्या काठीवरून पाय उचलत, आडवी होऊन आत शिरली. काकू बसल्या. मग प्रुडन्सनं भिंतीकडची उशी उचलून त्यांच्या पाठीशी सारली. काकूंनी काढून टाकली नाही.

पहिलं गीत संपून सगळे बसले तेव्हा प्रुडन्स समोर बघतच हळू बोलली. मी मागे होते म्हणून ऐकू आलं.

"आजी ती गोष्ट सांगायची, त्या मुलीची. सांगताना हसायची. मीही हसायचे."

बुटक्या दाराची कडी काकूंनी आतून लावून घेतली.

"नऊ वर्षांची होती," त्या म्हणाल्या. "आता गप्प बस. प्रार्थना सुरू झाली."

प्रवचन कशावर होतं ते दोघींनाही विचारू नका. काकूंचा हात शेवटपर्यंत त्या कडीवर होता. घरी आल्यावर त्यांनी आईच्या पद्धतीचा केक केला. करपला नाही, तर जरा नाराजच झाल्या.