बर्फातून चालत गेलेला हंडा

मी एक जुना, तीन पायांचा बिडाचा हंडा आहे. मित्रांनो, आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसायचा नाही. मी एकदा बर्फातून चालत एका घरी गेलो होतो. एकटा! हसा खुशाल.

रोमानियातल्या या डोंगरी गावात कुणी गेलं, की श्राद्धाचा गहू माझ्यातच शिजतो. घरच्या बाईने तो नऊ पाण्यांनी धुवायचा, शिजवायचा आणि साखर-अक्रोड घालून गावाला वाटायचा. तेव्हा माझा केवढा मान! एरवी मी लंगड्या वेतामावशीच्या पडवीत उपडा पडलेला असतो आणि तिची कोंबडी माझ्यावर बसून नको ते उद्योग करते.

त्या हिवाळ्यात शेजारच्या झांफिराचा नवरा तोआदेर कोसळत्या झाडाखाली सापडून गेला. लाकूडतोड्या होता तो. झांफिरा मात्र रोज दोन ताटं मांडत राहिली. बायका समजावायला यायच्या.

"रडू नकोस गं, तुझ्या आसवांनी तो तिकडे भिजतो."

"वय आहे तुझं अजून."

वेतामावशीने तर कहरच केला. "निदान तडफडला तरी नाही," म्हणाली. झांफिराने दार लावलं ते लावलंच.

बायकांनी मग आपल्याच घरच्या पातेल्यात गहू शिजवून, वर साखरेने तोआदेरचं नाव काढून तिच्या दाराशी ठेवला. तो तिथेच गोठला. चाळिसावा दिवस उद्यावर आला. त्या दिवशी घरचा गहू नसला, तर गेलेल्या जिवाला पुढची वाट मिळत नाही म्हणतात. आणि झांफिराच्या धुराड्यातून दोन दिवस धूर नव्हता.

त्या सकाळी मी तिच्या दारात उभा होतो. पोटात कच्चा, न धुतलेला गहू.

झांफिराने दार उघडलं, माझ्यातला गहू चाळवून पाहिला. मग तिने मला आत ओढलं. विहिरीवरून वेतामावशी एकेक बादली आणून उंबऱ्यावर ठेवू लागली. तोंडातून चकार शब्द नाही. तिला ते किती जड गेलं असेल, गावाला विचारा!

पहिल्या पाण्याला झांफिरा म्हणाली, "घोरायचा किती!" चौथ्याला म्हणाली, "सांगितलं होतं ना, ओल्या उतारावर जाऊ नकोस?" नवव्या पाण्याला माझा काठ धरून ती रडली, चाळीस दिवसांचं एकदम. उंबऱ्यावरची बाई हलली नाही, की गप्प राहा म्हणाली नाही.

मित्रांनो, दुःखातल्या माणसाला शहाणपण शिकवू नका. पाणी आणून द्या.

मी चुलीवर चढलो, तेव्हा झांफिराने डोळे पुसत विचारलं, "हा हंडा इथे आला कसा?"

"चालत," वेतामावशी म्हणाली. "तीन पाय आहेत की त्याला!"

मीही बुडबुडून दुजोरा दिला. झांफिराने दाराबाहेर नजर टाकली.

"हंड्याला पाय तीन, आणि तुझ्या पडवीपासून इथवर बर्फात खुणा दोन पायांच्या. त्यातही डावा पाय ओढलेला. खोटं बोलतेस, मावशी. ये आत, गारठलीस. दुसरं ताट मांडलेलंच आहे."