सव्वा वार लाल लोकर

मार्गशीर्षाची सकाळ. हिमशिखरांच्या रांगेवर केशराचं बोट फिरलेलं, दरीत दुधाळ धुक्याचं तळं साचलेलं, आणि त्या तळ्याच्या काठी, निळ्या पत्र्याच्या छपराखाली, नेपाळातल्या एका डोंगरगावचं करुणाछाया बालगृह. मोहरी पिवळीधमक. आभाळ निळंभोर. निरोपाला याहून शोभिवंत नेपथ्य मागून मिळालं नसतं. आणि सांगलीच्या मंदाकिनी टिपणीस यांनी ते मनोमन मागितलंच होतं.

एकवीस दिवस सेवा, चार दिवस स्थलदर्शन. सहलीच्या पत्रकात ही दोन्ही सुखं एकाच ओळीत छापली होती. सेवा सरली. आता सरोवर, सूर्योदय, शिखरदर्शन.

एकवीस दिवस मंदाताईंनी प्रेम केलं. त्या मुख्याध्यापिकेच्या खुर्चीतून नुकत्याच उठल्या होत्या. मुलगा-सून दूर, नातू व्हिडिओ कॉलवर दोन मिनिटं टिकणारा. आत साठून साठून सायीसारखं दाट झालेलं ते प्रेम, ते त्यांनी सुनमायावर ओतलं. सात वर्षांची सुनमाया. जास्वंदगाली, चंद्रकोरनयना, पुढचे दोन दात पडलेली. मंदाताईंनी तिच्या वेण्या घातल्या, तिला शुभंकरोती शिकवलं, आणि रोज संध्याकाळी बहिणीला फोन केला: "पोरकी चिमणी गं. माझ्यावाचून कुणी नाही तिला."

हे वाक्य त्यांना फार आवडे. ते उच्चारलं की गळा दाटे. दाटलेला गळा त्यांना दहा वर्षांनी तरुण करी.

निरोपाचं गाणं झालं. प्रत्येक तुकडीला म्हणतात तेच गाणं. प्रत्येक तुकडी रडते त्याच कडव्यावर ही तुकडीही रडली. मग सुनमायाने मंदाताईंचा पदर ओढला आणि त्यांना अंगणाच्या टोकाला नेलं. तिथे रानचेरीचं झाड गुलाबी गुलाबी ढाळत उभं होतं. मुठीत काहीतरी होतं. मूठ उघडली. लाल लोकर. रक्तचंदनासारखी लाल, कुंकवासारखी लाल, सांजेच्या शेवटच्या रेघेसारखी लाल.

मंदाताईंनी उजवं मनगट पुढे केलं. महाराष्ट्राचं मनगट ते. लाल दोरा दिसला, की डोक्याला न विचारता पुढे होतं. सत्यनारायणाचा असो, देवीचा असो, भावाबहिणीचा असो. दोरा म्हणजे आपल्यासाठीच.

पोर क्षणभर गोंधळली. मग तिने निमूटपणे लोकर गुंडाळली. सात वेढे. वर सैलशी गाठ.

"इथेच बरी," ती टीव्हीवरून शिकलेल्या हिंदीत म्हणाली. "म्हणजे हरवणार नाही. आईला द्या."

मंदाताईंचे डोळे भरायच्या बेतात होते. ते तसेच राहिले.

"कुणाच्या आईला?"

"माझ्या. खाली पुलापाशी वळण आहे ना, तिथे संत्री विकते. तुमची बस थांबेल. सगळ्यांच्या थांबतात." तिने टाचेपासून टाळूपर्यंत हात फिरवला. "हे माझं माप आहे. माघ संक्रांतीला आई नवा झगा शिवते. तिला सांगा, वाकले नव्हते. ताठ उभी होते."

"तुला आई आहे?"

"सगळ्यांना आहे. गोपीला तर बाबापण आहेत."

"मग इथे कशाला राहता गं?"

"इथे शाळा आहे. पाहुणे असले की आयांनी यायचं नाही, आणि आपणही बोलायचं नाही." सुनमाया हसली, दात पडलेल्या जागेतून सकाळ दिसली. "तुम्ही आज चाललात, म्हणून सांगितलं."

पोरक्या लेकराला आई निघाली, तर माणसाला आनंद व्हावा. मंदाताईंना घरी चोरी झाल्यासारखं वाटलं.

बस निघाली. देवदार मागे पळाले, पताका मागे पळाल्या, निळं छप्पर धुक्यात विरघळलं. दर वळणावर दरी उघडे आणि मिटे, उघडे आणि मिटे, एखाद्या दुखऱ्या डोळ्यासारखी.

"मंदाताई, पोरीने राखी बांधली वाटतं?" शेजारच्या उज्ज्वलाताईंनी चिवड्याचा डबा पुढे केला. "नशीबवान हो. मला नुसतं चित्र दिलं, तेही माकडाचं."

मंदाताईंनी लाल वेढ्यांकडे पाहिलं. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

"हो," त्या म्हणाल्या. "सोडतच नव्हती."

आणि पुलाचं वळण आलं.

संत्र्यांची आरास उन्हात पेटलेली. केशरी, सोनकेशरी, अग्निकेशरी. टोपली उचलून एक बाई खिडक्यांपाशी धावत आली: जास्वंदगाली, चंद्रकोरनयना. तोच चेहरा; फक्त दात शाबूत आणि ऊन जास्त खाल्लेला. बसवरचा कापडी फलक तिच्या ओळखीचा होता. एकेका खिडकीत ती आधी माणूस पाही आणि मग संत्रं दाखवी.

"आंबट नाहीत ना गं? परवाची फसवी निघाली," उज्ज्वलाताई मराठीतच विचारत होत्या.

बाई मंदाताईंच्या खिडकीशी थांबली. मोडक्या हिंदीत तिने विचारलं, "वरून आलात? बालगृहातून? मुलं… बरी आहेत?"

मुलं, ती म्हणाली. नाव घ्यायची तिला बंदी असावी. टोपलीवरची बोटं मात्र पांढरी पडली होती.

मंदाताईंच्या मनगटावर सात वेढे चटका बसल्यासारखे जागे झाले. सैलशी गाठ. एका बोटाने ओढायचा अवकाश. पण गाठ सुटली असती, तर पोरकी चिमणी सुटली असती, एकवीस संध्याकाळचे फोन सुटले असते. आणि सांगलीला परतली असती एक बाई, जिने दुसरीच्या मुलीच्या तीन आठवडे वेण्या घातल्या.

उजवा हात शालीखाली गेला.

"छान आहेत," मंदाताई गोड, समंजस, शाळेच्या आवाजात म्हणाल्या. "आईबाप नसूनही किती हसरी आहेत."

बाईने ते ऐकून घेतलं. मान डोलावली. मग टोपलीतलं सर्वांत मोठं संत्रं निवडलं, पदराने पुसलं आणि मंदाताईंच्या डाव्या हातात ठेवलं. पैसे घेतले नाहीत. मुलं बरी आहेत असं सांगणाऱ्याला रिकाम्या हाती कसं पाठवायचं?

संत्रं साखरेसारखं निघालं. सरोवरही सुंदर होतं. सूर्योदय वेळेवर झाला.

आता सांगलीत, दिवाणखान्याच्या काचकपाटात, पितळी समईशेजारी ती लोकर आहे. महिला मंडळात मंदाताई तिची गोष्ट सांगतात, दर वेळी त्याच कडव्यावर गळा दाटतो, आणि बायका पदराची टोकं डोळ्यांना लावतात.

तिकडे माघ संक्रांत जवळ आली. पुलाच्या वळणावर एका बाईने गुडघ्यावर नवं कापड पसरलं, हातात कात्री घेतली, आणि वरच्या रस्त्याकडे पाहत राहिली. बस आली, बस गेली. संक्रांतीच्या आदल्या दिवशी तिने डोळे मिटले, मागच्या वर्षीची मुलगी आठवली, आणि तेवढंच कापड कापलं.

काचेआड लोकर सव्वा वार आहे. ताठ आहे, कुठेही वाकलेली नाही. डोंगरावर मूल वाढतं आहे, वाढतं आहे. आणि झगा तोकडा, झगा तोकडा.