डी नसलेल्या कीबोर्डची कैफियत

मित्रांनो, मी एक जुना कीबोर्ड आहे आणि मला डी नाही. बाकीची बटणं जागेवर आहेत. काहींवरची अक्षरं पुसली गेली आहेत, स्पेसबार मधोमध खचला आहे, पण डीच्या जागी नुसता रबराचा फोड दिसतो. हसायचं असेल तर हसून घ्या. या फोडाने एका बाईची नोकरी वाचवली आहे. तुमच्या शाळेच्या कपाटातल्या ढालींनी काय वाचवलं ते मला सांगा.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथे आमच्यासारखे हजारो रोज जन्मतात, त्यामुळे बालपणीच्या गोड आठवणी वगैरे मला नाहीत. खोक्यात झोपलो तो जागा झालो थेट एका गादी कंपनीच्या कचेरीत, मागच्या बाजूच्या बारक्या खोलीत. पूर्वी तिथे नमुन्याच्या उशा ठेवत. पुढे कंपनीचे सर्व्हर तिथेच बसवले, पण उशा काही कुणी हलवल्या नाहीत. सर्व्हर तापू नयेत म्हणून खोलीत एसी होता. माणसं तापली तर तापू देत, त्यांच्यासाठी पंखे होते.

ही खोली वायरकाकांची. कंपनीचं नेटवर्क तेच सांभाळायचे. खांद्यावर कायम वायरीचं वेटोळं, म्हणून हे नाव. मनाने देवमाणूस. कुणाचा संगणक अडला की हातातला घास टाकून उठायचे. कौतुकही खूप व्हायचं आमचं. ‘काका आणि त्यांचा कीबोर्ड म्हणजे जादू आहे’, असं लोक म्हणायचे, आणि मी वर्षभर त्या एका वाक्यावर फुगून होतो.

पण त्या कचेरीत एक भलतीच रीत होती. संगणक बिघडला की लोक जागेवरूनच ओरडून काकांना आपला पासवर्ड सांगायचे. जेवणाच्या सुट्टीत काका तो माझ्यावर टाइप करून दुरुस्ती उरकायचे. हळूहळू त्यांना सगळ्यांचे पासवर्ड तोंडपाठ झाले. चौकीदाराचा पासवर्ड म्हणजे त्याच्या वारलेल्या बायकोचं नाव. साहेबांचा ‘मीचसाहेब१’. जेवताना काका फुशारकी मारायचे, “अख्खी कंपनी माझ्या डोक्यात आहे.” सगळे हसायचे. चौकीदार तेवढा खाली मान घालून जेवायचा.

एकटीच होती जिने कटकट केली. ग्राहकांच्या तक्रारी ऐकायचं काम तिच्याकडे, म्हणून सगळे तिला तक्रारताई म्हणत. घरी म्हातारी आई, शिकणारा भाऊ आणि कमावणारी ही एकटी.

“काका, माझा पासवर्ड तुम्हाला कशाला?”

“अगं, तू विसरलीस तर?”

“विसरले तर जुना मोडून नवा द्या. येतो ना तुम्हाला मोडता?”

“येतो की.”

“कुलूप बदलता येतं, मग माझी किल्ली कशाला हवी?”

“विश्वास नाही का माझ्यावर?”

मित्रांनो, या प्रश्नापुढे भले भले गार होतात. ताईही झाली. काकांच्या कानाशी वाकून तिने पासवर्ड सांगितला आणि काका इतके हसले की हातातल्या बिस्किटाचा अर्धा चुरा माझ्या डीमध्ये गेला.

पासवर्ड होता ‘साहेबढेरपोट्या४८’. अठ्ठेचाळीस हा कमरेचा अंदाज. (आता तो बदलला आहे, म्हणून सांगतोय. नवा मला माहीत नाही, आणि असता तरी तुम्हाला सांगितला नसता.)

पुढची वर्षं उपेक्षेची. काकांनी मला ना कधी पुसलं, ना उलटं करून झटकलं. बिस्किटांवर बिस्किटं पचवत राहिलो. डी दाबला की आत रुतायचा आणि नखाने वर काढावा लागायचा.

अशातच कंपनीने ‘स्वर्गसुख’ नावाची नवी गादी काढली. तिचा फोम महिन्याभरात बसायचा आणि त्यावर झोपणारा माणूस सकाळी खड्ड्यातून बाहेर काढावा लागायचा. गाद्या धडाधड परत येऊ लागल्या. साहेबांनी फोम बदलला असेल असं वाटतंय का तुम्हाला? त्यांनी फितूर शोधायला घेतला.

एका दुपारी ताई जेवायला बाहेर गेलेली असताना साहेब आमच्या खोलीत आले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

“वायरकाका, ती तक्रारवाली लोकांना सांगते, गादी घेऊ नका म्हणून. मला तिच्या मेल बघायच्यात. एक ओळ सापडली की उद्यापासून तिला घरी बसवतो.”

ती ओळ होती. पाठदुखीने बेजार झालेल्या एका आजींना ताईने लिहिलं होतं, ‘आजी, ही गादी तुमच्यासाठी नाही, परत पाठवा.’ काकांना ते ठाऊक होतं. दुरुस्ती करताना म्हणे चुकून नजर गेली. चुकून, पार शेवटच्या ओळीपर्यंत.

“साहेब, कुलूप मोडून देतो की,” काका म्हणाले. “पण मग जुना पासवर्ड चालायचा नाही. तिला लगेच कळेल.”

“गुपचूप हवंय मला. तिचा पासवर्ड तुम्हाला पाठ आहे. जेवताना तुम्हीच सांगत असता. का आता आठवत नाही? तसं असेल तर तुमच्या जागी चांगल्या आठवणीचा माणूस बघतो.”

काकांनी एकदा एसीकडे पाहिलं, एकदा उशांकडे. ठाऊकच नसतं तर ‘ठाऊक नाही’ म्हणून सुटले असते. पण अख्खी कंपनी डोक्यात घेऊन बसलेल्या माणसाला ते वाक्य परवडत नाही. त्यांनी मला पुढे ओढलं.

“हळू टाइप करा,” साहेब म्हणाले. “पडद्यावर नुसते ठिपके येतात. मला अक्षरं बघू देत.”

एस. ए. एच. ई. बी.

साहेबांचा चेहरा उजळला. “साहेब? माझ्यावरून ठेवलाय? बघा काका, वरून कटकट करते, पण मनात आदर आहे हो पोरीच्या.”

काकांचं बोट डीवर आलं. त्यांनी तो दाबला, तसा तो आत रुतला. पडद्यावर ठिपक्यांची रांग पळत सुटली. घाबरून काकांनी नख घालून डी उचकटला, तर डी टुणकन उडाला, साहेबांच्या पोटावर आपटला आणि सर्व्हरच्या रॅकखाली गेला.

मी हे मुद्दाम केलं असं म्हणणार नाही. ते बिस्किटाचं काम. पण पुढचं जे झालं ते बिस्किटाचं नव्हे. वरचं अक्षर उडालं तरी खालचं रबर पेनाच्या टोकाने दाबता येतं. काकांना ते माहीत होतं आणि त्यांच्या खिशात पेन होतं. त्यांचा हात खिशापर्यंत गेला, पेनाला लागला आणि तिथेच राहिला.

“संपलं, साहेब,” ते म्हणाले. “डीशिवाय होणार नाही.”

“साहेब, आणि पुढे डी,” साहेब पुटपुटले. “कळलं मला. बसा तुम्ही.”

ते तडक आपल्या दालनात गेले. पुढचं त्यांच्या कीबोर्डकडून समजलं. साहेबांनी ‘साहेबदयाळू’ टाकून पाहिलं. मग ‘साहेबदिलदार’. मग ‘साहेबदेवासमान’. त्यावर पडद्याने सांगितलं, खातं बंद झालं आहे, नेटवर्क सांभाळणाऱ्याला भेटा.

ते परत आमच्या दारात आले, आणि नेमकी ताईही तिथेच येऊन थडकली.

“काका, माझं खातं बंद का झालं?”

काकांनी साहेबांकडे पाहिलंच नाही. “साहेबांना तुझ्या मेल वाचायच्या होत्या. पासवर्ड मी देत होतो. डी तुटला म्हणून राहिलं.”

ताई पांढरीफटक पडली. साहेबांनी मात्र हात उंचावून तिला धीर दिला.

“घाबरू नकोस. पासवर्ड माझ्यावरून ठेवलास, समजलं मला. पुढे काय आहे गं? दयाळू नाही, दिलदार नाही.”

ताई म्हणाली, “पुढे तुमचं वर्णन आहे, साहेब.”

“असं?”

“पण ते मी तोंडावर कसं सांगू? मनातलं असतं ते.”

साहेब लाजले. खरंच लाजले. ताईच्या मेलचा विषय तिथेच बुडाला. दुसऱ्या दिवशी भिंतीवर सूचना लागली: ‘पासवर्ड ही कर्मचाऱ्याच्या मनातली खासगी भावना आहे. ती कोणीही, नेटवर्क सांभाळणाऱ्यानेदेखील, विचारू नये.’ जगातले चांगले नियम बहुधा अशाच गैरसमजांतून निघत असावेत.

सगळ्यांनी नवे पासवर्ड ठेवले. आता काकांना कुलूप मोडता येतं, पण किल्ली कुणाचीच नाही. कुलूप मोडलं की मालकाला कळतंच. आणि कुणाचं खातं उघडायला साहेबांनी सांगितलं, तर त्यांना सही करावी लागते. अजून तरी त्यांनी केलेली नाही. चौकीदार आता जेवताना मान वर करून बोलतो.

काकांनी नवा कीबोर्ड आणला आणि मला उशांच्या फळीवर ठेवलं. मित्रांनो, या ठिकाणी मी म्हणायला हवं, मला वेळच्या वेळी झटका, माझी निगा राखा. कसं म्हणू? काकांनी मला झटकलं असतं तर डी नीट चालला असता आणि ताई रस्त्यावर आली असती. एका बाईची भाकरी बिस्किटाच्या चुऱ्यावर टिकावी, ही लाज मला नाही, त्या कचेरीला वाटायला हवी.

वायरकाका चोर नव्हते. म्हणून तर सांगतोय. उद्या कुणी चांगला माणूस तुम्हाला ‘विश्वास नाही का?’ म्हणून पासवर्ड मागेल. त्याला सांगा, विश्वास आहे, म्हणूनच खिशातल्या पेनापर्यंत हात न्यायची वेळ तुमच्यावर आणणार नाही.

काका हल्ली दुपारी नमुन्याच्या गादीवर गाढ झोपतात. खोली रोज स्वतः झाडतात. रॅकखालचा तो कोपरा तेवढा सोडून.