बोडीच्या तळातली अंडी

धानोऱ्याच्या पलीकडं, जंगलातल्या त्या गावात मंगलीबाईला विचारल्याशिवाय तेंदूपानाचं एक पुडकं हलत नव्हतं. फळीवर, म्हणजे पान वाळवायच्या मोकळ्या मैदानावर, वाळत घातलेली पुडकी पलटवायची कधी, बोदात, म्हणजे मोठ्या पोत्यात, भरायची कधी, सगळं तिच्या शब्दावर. ठेकेदाराला हाकलून ग्रामसभा स्वतः पान विकायला लागली, त्याला फार दिवस झाले नव्हते. पान बिघडलं तर ठेकेदार परत उरावर बसणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

मे महिन्यात फळी पानांनी भरलेली असताना व्यापाऱ्याचा माणूस अल्ताफ गडचिरोलीहून फटफटीवर आला. उतरायच्या आधीच ओरडला, "बाई, उचला हे सगळं! समुद्रात वादळ उठलं. पाणी येऊन राह्यलं."

"समुद्र कुठी अन् आमी कुठी?" ग्रामसभेचा अध्यक्ष पवन म्हणाला. "मागच्या साली बी तुमी असंच सांगतलं, भाऊ. आमी अर्धवट वाळलेलं पान शाळेत कोंबलं. थेंब नाई पडला. पान कोंडून काळं झालं, अन् तुमच्या मालकानं भाव पाडला."

"मागच्या साली वादळ ओडिशाकडं वळलं, त्याले मी काय करू? यंदा बंगालचा समुद्र चुलीवर ठेवल्यावानी तापला बापा. ती सगळी वाफ घेऊन वादळ इकडं येते. हा नकाशा पाहा, सकाळीच मोबाईलवर घेतला."

"मोबाईल तुमचा, नकाशा मालकाचा!" पुडकी पलटवणारा कोलू मागून बोलला आणि सगळी फळी हसली.

मग सगळे मंगलीकडं वळले. ती सकाळीच गावाबाहेरच्या बोडीवर, छोट्या तळ्यावर, जाऊन आली होती. तळं आटून भेगाळलं होतं आणि टिटवीनं अंडी घातली होती ती थेट तळात, मधोमध. पाऊस जवळ असला की टिटवी अंडी घालायला बांधावर चढते. मंगलीच्या आजीच्या काळापासून हे कधी चुकलं नव्हतं.

"पान राहू द्या," ती म्हणाली. "टिटवीले आपल्या पिलायची काळजी तुमच्या मालकाहून जास्त हाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी आभाळ फाटलं. बायामाणसं धावली, लुगडी टाकली, खाटा उलट्या घातल्या. काही उपयोग झाला नाही. पुडकी वाहत नाल्याला लागली, उरली ती चिखलात रुतली. ऊन पडलं तेव्हा फळीवरून सडक्या पानाचा वास उठत होता.

टिटवीनं इथलंच आभाळ वाचलं होतं. शेकडो कोसांवरच्या तापलेल्या समुद्राचा हिशेब तिला कोण सांगणार? आणि तो तापवला कोणी? चंद्रपूरकडं रात्रंदिवस कोळसा जळतो, त्यावर शहरं थंड हवेत झोपतात, आणि ह्या गावात मे महिन्यात पंखा फिरवायला लाइन नसते. ज्यांनी आग लावली त्यांच्या पायाला चिखल लागला नाही.

ग्रामसभा बसली. मंगलीला कोणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं.

"जंगल ठेकेदाराले देऊन टाकू," पवन म्हणाला. "पान सडलं तं त्याचं. आपल्याले मजुरी तं भेटन."

"देऊ नका," मंगली म्हणाली. "पान आपलं हाय."

"अन् पाणी येते का नाई ते कोन सांगन, बाई?" पान तोडणाऱ्या नीलाबाईनं विचारलं. "तू?"

मंगली काही बोलायच्या आतच कडेला बसलेला अल्ताफ म्हणाला, "ना जी, जंगल देऊ नका, एक साल थांबा. पान भिजलं तं ठेकेदार मजुरी बी कापते, मी पाह्यलं हाय."

"तुमच्या मालकानं आमचं भिजलेलं पान घेतलं का, भाऊ?" पवननं विचारलं.

"नाई घेतलं," अल्ताफ म्हणाला.

"मंग हा समुद्र हाय कोनाच्या नावावर?" मंगलीनं विचारलं. "त्याच्याकडून भरून घ्या ना."

पवननं जंगल द्यायचा ठराव मताला टाकला. एकेक करत हात वर गेले. मंगलीचा हात मांडीवरच होता, पण तिकडं बघायची गरज कोणाला वाटली नाही. ठेकेदाराला फोन लावायला पवन टेकडीकडं निघाला. गावात रेंज फक्त तिथंच मिळते.