शिंपीकाकांचा मेव्हणा

मित्रांनो, सभागृहाच्या कपाटात जाळीला पोचा पडलेला एक जुना माईक तुम्ही पाहिला असेल. तो मीच. एका छोट्या कारखान्यात मला तार जोडली गेली आणि तिथून मी या वसाहतीत आलो. भाषणे, बक्षीससमारंभ, हरवलेल्या छत्र्यांच्या सूचना, सगळे माझ्यातूनच गेले. पण मी खरी वाट पाहायचो ती वार्षिक संमेलनाची. त्या दिवशी शिंपीकाका मला हातात घेत.

काका कोपऱ्यावरच्या दुकानात कपडे शिवत आणि वर्षातून एकदा लोकांना हसवत. त्यांचा ठरलेला किस्सा मेव्हण्याच्या पँटचा. माप घेताना मेव्हणा पोट आत ओढून धरी आणि पँट घातल्यावर श्वास सोडी. मग बटण उडून कुठे पडले, ते काका रंगवून सांगत. खरा मेव्हणा त्यासाठी परगावाहून येई आणि पहिल्या रांगेत बसून सर्वांत मोठ्याने हसे.

बारा वर्षे हे चालले. मग काकांची मुलगी म्हणाली, "बाबा, आता पुरे करा ना. तुमच्या आधी लोकच शेवट सांगतात. शिळं झालंय ते."

मला सांभाळणारा वायरमन तिथेच होता. "ताई, गाणं आपण पुन्हा पुन्हा ऐकतोच की. मग किस्सा का नको?"

"गाण्याचं वेगळं. विनोदात पुढचं कळलं की उरतं काय?"

पुढच्या संमेलनात काकांनी मोबाइलवरचे नवे विनोद सांगितले. सभागृह गप्प. त्यांच्या तळहाताचा घाम मला जाणवत होता. तेवढ्यात मागून पोस्टमन म्हणाले, "शिंपीकाका, मेव्हणा काय म्हणतोय?"

काका म्हणाले, "मेव्हणा गेला हो. दोन महिने झाले." मग हळूच म्हणाले, "आजारपणात त्याला सैल सदरा शिवायला गेलो होतो. अंगावर मांस म्हणून उरलं नव्हतं. तरी टेप लावली, तसं पठ्ठ्यानं पोट आत ओढलं."

आधी कुणीतरी एकटेच हसले. मग सगळे सभागृह हसले, डोळे पुसत. मुलगीसुद्धा.

माझी तार गुंडाळताना वायरमन तिला म्हणाला, "बघा, जुनाच किस्सा चालला."

"जुना कुठे? आजचा नवा होता," ती म्हणाली.

त्या दोघांचे अजून एकमत झालेले नाही.

आता सभागृहात बिनतारी माईक आले आहेत. काकाही थकले, दुकान मुलगी चालवते. मित्रांनो, मला अधूनमधून पुसा, माझी तार पिळून गुंडाळू नका. आणि घरात कुणी जुना किस्सा सुरू केला, तर "ठाऊक आहे" म्हणून मध्येच तोडू नका. सांगणाऱ्याला त्यात कुणीतरी भेटत असते.