पैलवानाचा टोप

मी टोप बोलतोय. जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, बुडाला काळा, एका अंगाला पोचा पडलेला. मळवलीत परेरांच्या बंगल्यामागे राखणदाराच्या दोन खोल्या आहेत. तिथल्या नळाजवळच्या दगडावर मी पालथा असतो. तिथून बंगल्याचं फाटक दिसतं, रस्ता दिसतो, शेजारी काय शिजतंय त्याचा वासही येतो. दुसऱ्याच्या घरातलं बघायची मला सवय आहे. लोक तिला वाईट म्हणतात. पण बघितलंच नाही, तर कोण जेवलं आणि कोण उपाशी राहिलं हे कळायचं कसं?

मी तळेगावच्या बाजारातला. नवलाख उंबरे गावच्या रतनबाईनं मला घेतलं. दुकानातल्या एकेक टोपावर बोट आपटून आवाज ऐकला आणि म्हणाली, "ह्यो द्या. ह्यो बोलतोय." मग मशिनीनं माझ्या अंगावर नाव घातलं: 'सौ. रतनबाईकडून चि. मुक्तास सप्रेम भेट.' मुक्ता म्हणजे तिची भाची. लग्न करून ती मळवलीला आली, तिच्याबरोबर मीही आलो.

पुष्कळ वर्षं मी स्वयंपाकघरात मानानं राहिलो. इंद्रायणी तांदूळ माझ्यात शिजला की घमघमाट फाटकापर्यंत जायचा. मग एका नाताळात बंगल्यावरून पाहुण्यांनी हाक मारली. मुक्ताबाई धावली, इकडे माझ्यातली डाळ करपून कोळसा झाली. त्याच दिवशी परेराबाईंच्या गाडीखाली एक पिल्लू सापडलं, मुठीएवढं, थंडीनं काकडलेलं. मुक्ताबाईनं हाताला आलेलं भांडं घेतलं आणि त्याला दूधभात घातला. ते भांडं मी होतो.

कुत्र्यानं तोंड लावलेलं भांडं परत ओट्यावर चढत नाही. हे आमच्या मावळात कुणाला शिकवावं लागत नाही. मी दोन दिवस रुसलो. तिसऱ्या दिवशी पिल्लू माझ्यातच झोपलं. मग कसला रुसवा.

पिल्लाचं नाव पैलवान. आता तो म्हातारा आहे, डोळ्यांवर सायीसारखा पडदा आलाय. त्याच्या जोडीला चिमणी नावाची तरणी कुत्री आहे, ती माझ्यात उडी मारूनच जेवते. दिवस मावळायच्या आधी मुक्ताबाई माझ्या काठावर पळीनं तीनदा मारते. ठण, ठण, ठण. पैलवान कुठंही असला तरी येतो. मुक्ताबाईचा नवरा महिपती पायरीवर बसून बंगल्यातल्या पाहुण्यांच्या गमती सांगतो, त्यांची पोरगी कोमल तळाला लागलेली खरपुडी सोडवून कुत्र्यांना देते. एवढंच. पण रोजचं.

नाताळात थोडं जास्त. दिवाळीचा चांदणीचा आकाशकंदील कोमल काढूच देत नाही. "परेराबाईंची पन चांदनीच असती, मंग आपलीच का काढायची?" असं तिचं म्हणणं. परेराबाई मुंबईहून केक आणतात. पहिला तुकडा पैलवानाला हातावर, मग माणसांना. गाडीखाली सापडल्यापासून तसंच ठरलंय.

यंदा चोवीस तारखेला सकाळीच फोन आला. रतनबाई नाताळच्या सुट्टीत नातवाला घेऊन मळवलीला येणार, आणि तेही त्याच दुपारी. मुक्ताबाईच्या हातातलं पीठ तसंच राहिलं.

रतनबाईची एक खोड सगळ्या नात्यात माहीत आहे. कुणाच्याही घरी गेली की पाणी प्यायच्या आधी मांडणीवरची भांडी फिरवून नावं वाचते. कुणी कुणाला काय दिलं, कुठं ठेवलंय, सगळं बघते.

"आत्याचं नाव घातलेल्या टोपात कुत्री जेवत्यात," मुक्ताबाई महिपतीला म्हणाली, "माज्या तोंडाला काळं लागंल."

"मंग सांग की करपला म्हनून."

"आनि कुत्र्यांचं?"

मुक्ताबाईनं मला गोणपाटात गुंडाळून न्हाणीमागच्या पेंढ्यात खुपसलं. बघायची सवय असलेल्याला असं कोंडणं म्हणजे केवढी शिक्षा. कान मात्र माझे उघडे होते.

दुपारी रतनबाई नातवाला घेऊन आली, ते मला ऐकूनच कळलं. त्या संध्याकाळी कुत्र्यांचा भात प्लॅस्टिकच्या घमेल्यात पडला. प्लॅस्टिकवर पळी मारली तर थप्प एवढंच होतं. चिमणी जेवली. रस्त्यावर गाड्यांची रांग, कुठल्याशा बंगल्यावर मोठमोठ्यानं गाणी. पैलवान आलाच नाही.

पंचवीसला सकाळी महिपती स्टेशनापर्यंत जाऊन आला. कोमल दोन्ही बाजूंची शेतं हुडकून आली. "त्याला दिसत न्हाई आई, गाडीखाली गेला असंल," म्हणून ती पायरीवर बसली. दुपारी परेराबाई केक घेऊन मागच्या दारी आल्या. "पैलवान कुठंय? त्याच्याशिवाय मी सुरी लावणार नाही."

तो कालपासून हरवलाय, हे कोमलनं सांगितलं. रतनबाई म्हणाली, "येवडा जीव लावलाय, तर बोलवा की त्याला. कशानं येतो त्यो?"

"टोपानं," कोमल म्हणाली.

"मंग वाजवा टोप."

मी पेंढ्यातून सगळं ऐकत होतो. मुक्ताबाईची पावलं न्हाणीपर्यंत आली आणि थांबली. बराच वेळ थांबली. मग तिनं पेंढा उपसला, मला बाहेर काढलं आणि पोचा, काजळी, नाव सगळ्यासकट आत्याच्या देखत घेऊन निघाली. पदर खोचलेला, हातात पळी. ठण, ठण, ठण. फाटक, रस्ता, मग कापलेली भातखाचरं. मी जन्मात एवढा जोरानं वाजलो नसेन. मागून रतनबाई गुडघा धरत येत होती.

रेल्वेच्या कडेला पेंढ्यांची एक गंजी आहे. तिच्या पोटातून आधी नाक निघालं, मग पैलवान. गाण्यांच्या धडाक्यानं तिथं शिरला असावा आणि परत बोलवणारा माझा आवाज न आल्यानं बसून राहिला असावा. तो सरळ आला आणि त्यानं माझ्या रिकाम्या पोटात तोंड घातलं.

मुक्ताबाई खाली बसून रडत होती. रतनबाईनं पैलवानाला बाजूला सारून मला उचललं, नाव वाचलं.

"मुक्ते, ह्यो माजाच ना?"

"व्हय आत्या. चुकलं माजं."

"कुत्र्यांना?"

"बारा वरसं झाली."

रतनबाईनं अंगठ्यानं माझ्यावरची काजळी पुसली. "म्या दिलेली पितळी घागर कुटं हाय?"

"माळ्यावर. गुंडाळून ठिवली."

"हां. तिचा आवाज बी ऐकला नसंल कुनी." मग हळूच म्हणाली, "तुज्या आईनं मला परात दिलती, तिच्यात आमच्या कोंबड्या पानी पित्यात. तिला सांगू नको."

मुक्ताबाई रडता रडता हसायला लागली.

घरी आल्यावर परेराबाईंनी केकचा पहिला तुकडा माझ्यात ठेवला. केक माझ्या अंगाला पहिल्यांदाच लागला. रम की काय असतं त्यात, पण वास झकास. मग रतनबाईनं कोमलकडून खिळा मागवला आणि नातवाला अक्षरं सांगत माझ्यावर कोरून घेतलं. 'चि. मुक्तास सप्रेम भेट' याच्या खाली आता वाकडंतिकडं लिहिलंय, 'आणि पैलवानास.'

तुमच्या माळ्यावर एखादं गुंडाळलेलं भांडं असेल, तर त्याला खाली आणा बाबांनो. पोचा पडेल, करपेल, पण कुणीतरी त्याची वाट बघेल. मला आता थांबायला हवं. ऊन उतरलंय, मुक्ताबाई पळी शोधतेय, आणि पैलवानानं दगडापाशी कान टवकारलेत.